'जिन हाऊस' म्हणजे आपली जिनिंग : टीना टर्नरला समोर ऐकलं तेव्हा

पऱ्हाटीचं_फूल (26 नोव्हेंबर, दुपारी 1.20)

सकाळी गावच्या शाळेत संविधानाची उद्देशिका वाचून झाली आणि तिथून थेट वावरात आले. कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे. बाया जेवायला बसल्यात, तेवढ्यात बांधावर बसून लिहून घेते. आज अमेरिकन गायिका टीना टर्नरचाही जन्मदिवस, सन 1939 चा. ती 24 मे 2023 ला गेली, तेव्हाच लिहायचं होतं. पण मे म्हणजे खरिपाची तयारी, राहूनच गेलं.

मी तिला समोर ऐकलंय. एकदाच. 5 मे 2009, इंग्लंडातलं शेफील्ड. शिकायला एक वर्ष तिथं होते. राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून नागपूरच्या होस्टेलवर आणि तिथून एकदम शेफील्डला. एका निवृत्त बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेतली होती. बाईंनी दोन तिकिटं काढली होती, स्वतःचं आणि बहिणीचं. बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाई जिना चढून वर आल्या, दारातच उभं राहून म्हणाल्या, येतेस का. टीना टर्नरचं मला एकच गाणं माहीत होतं, तेही होस्टेलच्या टीव्हीवर ऐकलेलं. तरी हो म्हटलं, कारण त्यांनी फार आपुलकीनं विचारलं होतं.

ट्रामनं गेलो. मे महिन्यात तिकडे रात्री आठ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे आपण कार्यक्रमाला नाही, बाजाराला चाललोय असंच मला वाटत होतं. आमच्या आजूबाजूला बहुतेक सगळ्या पन्नाशी-साठीच्या बाया, नटूनथटून आलेल्या. एकीच्या हातात काठी होती आणि पायात चमकीचे बूट.

पडदा पडला आणि ती वर, उंचावर उभी दिसली. वय 69. हा आकडा मला नंतर कळला, त्या क्षणी कुणी सांगितला असता तरी पटला नसता. उंच टाचांचे बूट घालून पायऱ्या उतरत खाली आली, पायाकडे एकदाही न बघता. बाजूच्या नाचणाऱ्या पोरी वयानं तिच्या नातीसारख्या, आणि ती त्यांच्या पावलाला पाऊल लावून. मध्यंतरानंतर मात्र बसून, सावकाश काही गाणी म्हटली. त्यात बीटल्सचं 'हेल्प' होतं. मूळ गाणं धावतं आहे, तिनं ते इतकं संथ केलं की शब्दाशब्दामधली जागा ऐकू यावी. माझ्या बाजूच्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि शेवटपर्यंत हातात धरून ठेवला.

पण मला सांगायचंय ते शेवटच्या गाण्यांपैकी एकाबद्दल. 'नटबुश सिटी लिमिट्स'. 1973 चं गाणं, तिनं स्वतः लिहिलेलं, स्वतःच्या गावावर. नटबुश हे अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं कापसाच्या पट्ट्यातलं खेडं. गाण्यात काही गोष्ट नाही, ती फक्त गावात काय काय आहे ते मोजत जाते. देऊळ म्हणावं तसं चर्च, शाळा, संडास, एकोणीस नंबरचा रस्ता, शुक्रवारी दुकानात जायचं, रविवारी चर्चला. आणि पहिल्याच ओळीत चर्चच्या लगोलग येतं 'जिन हाऊस'.

मी उभीच राहिले. कारण मला ते कळलं! त्या हजारो लोकांमध्ये ते किती जणांना कळलं असेल माहीत नाही. मला मात्र डोळ्यांपुढे आमची जिनिंग दिसली : फाटकाबाहेर बैलबंड्यांची रांग, हवेत उडणारा कापसाचा भुगा, सरकीच्या ढिगाचा तो तेलकट वास, आणि बंडीवर कापसातच झोपलेली मी. परतताना ट्राममध्ये बाईंना विचारलं, तर त्या पस्तीस वर्षं ते गाणं ऐकत होत्या आणि त्यांना वाटायचं जिन म्हणजे प्यायची जिन. मी त्यांना सांगितलं, नाही, ते कापसातून सरकी वेगळी काढायचं ठिकाण, माझ्या गावाजवळही आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

त्याच गाण्यात स्टेजमधून एक लांबलचक लोखंडी हात पुढे येतो, सरळ प्रेक्षकांच्या डोक्यावर. क्रेनची भुजा असते तसा. ती त्यावरून चालत आली. मध्येच कठडा सोडून दिला आणि पूर्ण गळा लावून गावाला हाक मारल्यासारखी गायली, आणि खालून आम्ही सगळे ओ दिल्यासारखे गावाचं नाव घेत होतो. तिचा आवाज गोड नाही. खरखरीत आहे, कडेला फाटतो. माझी माय वावराच्या ह्या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या बाईला हाक मारते तेव्हा तिचा आवाज असाच फाटतो. ही बाई लहानपणी कापूस वेचत होती. तो गळा वावरात तयार झालाय, असं मला तिथं वाटलं आणि आजही वाटतं.

हा तिच्या अखेरच्या दौऱ्याचा अखेरचा कार्यक्रम होता, हे मला फार नंतर समजलं. त्यानंतर ती कधी दौऱ्यावर निघालीच नाही.

तुमच्यापैकी कुणी असा जुना, पिकलेला आवाज समोर बसून ऐकलाय का? देशी-विदेशी कुणीही चालेल. लिहा.

वर्धाकाठ (26 नोव्हेंबर, दुपारी 2.05)

अंगावर काटा आला ताई. मी हिंगणघाटचा. आमच्या घरापासून जिनिंगचा भोंगा ऐकू यायचा, त्यावर आजी भात चढवायची. इंग्रजी गाण्यात आपली जिनिंग आहे हे आज कळलं.

एक भर घालतो. 1861 ते 65 मध्ये अमेरिकेत यादवी झाली, दक्षिणेतल्या राज्यांचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव चढले, कापसासाठी रूळ आले, 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली. टेनेसी त्याच दक्षिणेत. म्हणजे त्यांचं वावर आणि आपलं वावर ह्यांचं नातं दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. शेफील्डला तुम्ही जे ओळखलं ते उगाच नाही.

ध्वनीवाला (26 नोव्हेंबर, दुपारी 3.30)

मी वणीला साऊंड सिस्टिमचं काम करतो. भजन मंडळं, ऑर्केस्ट्रा, लग्नं, सगळं. त्यामुळे माझं लक्ष दुसरीकडेच जाते. ह्याच दौऱ्याचा एक कार्यक्रम नेदरलँड्समध्ये आर्न्हेमला 21 मार्च 2009 ला चित्रित झाला होता, तो मी कितीदा पाहिला ह्याला हिशेब नाही. तिचा हात बघा. वरचा सूर लावताना माईक तोंडापासून दूर जातो, हळू म्हणताना ओठांना लागतो. मधल्या प्रत्येक शब्दाला अंतर वेगळं. हे काम मिक्सरवर बसलेल्या माणसाचं असते, ती ते मनगटानं करते, तेही नाचता नाचता. आमच्याकडे पंचविशीतली पोरं माईक तोंडात कोंबतात आणि मला म्हणतात, आवाज वाढव.

आणि दम. नाचताना श्वास पोटाशी धरून ठेवून ओळीच्या शेवटपर्यंत पुरवायचा म्हणजे काय, हे जो गातो त्यालेच माहीत. मला एक सांगा ताई, हॉलमध्ये तिचे शब्द स्पष्ट येत होते का? बंद जागेत ढोलाचा घुमारा शब्द खाऊन टाकते.

पऱ्हाटीचं_फूल (26 नोव्हेंबर, दुपारी 3.50)

शब्द स्पष्ट येत होते दादा. आम्ही बरेच मागे, बाजूला होतो, तरी 'जिन हाऊस' मला पहिल्या झटक्यात कळलं ह्यातच आलं. माईकचं तुम्ही सांगितल्यावर आठवलं, तिचा उजवा हात सतत हलत होता. मला तो नाचाचाच भाग वाटला होता.

मोर्णाकाठ (26 नोव्हेंबर, सायंकाळी 6.15)

धागा आवडला, पण दोन गोष्टींवर माझं मत वेगळं आहे, आणि मनापासून सांगतोय.

पहिली. तिचे वडील शेतमजुरांवर देखरेख करणारे होते. आपल्याकडच्या बटईदारापेक्षा घरची स्थिती थोडी बरी म्हणावी लागेल. ती कापूस वेचायला जायची हे खरं, पण ते काम तिला अजिबात आवडत नव्हतं, हेही तिनंच सांगून ठेवलंय. कापूस वेचल्यानं गळा तयार होत असता तर आपल्या यवतमाळ-अकोल्यात घरोघरी गायिका झाल्या असत्या. तिचा गळा तयार झाला चर्चच्या गायनात, आणि पुढे सेंट लुईसमध्ये आईक टर्नरच्या बँडबरोबर रात्र रात्र उभं राहून. 1960 साली पहिली रेकॉर्ड गाजली, तेव्हापासून 2009 पर्यंत पन्नास वर्षांची मेहनत आहे ती. श्रेय मेहनतीला द्या, वावराला नको.

दुसरी. तिच्याबद्दल बोलताना घरातल्या मारहाणीचा भाग गाळून पुढे जाऊ नये. नवऱ्यानं, म्हणजे ह्याच आईकनं, सोळा वर्षं मारलं. जुलै 1976 मध्ये डलासला ती अंगावरच्या रक्ताळलेल्या कपड्यांनिशी निघाली, भरधाव गाड्यांचा हमरस्ता पायी ओलांडला, जवळ 36 सेंट. घटस्फोटात पैसा मागितला नाही, मागितलं ते नाव, कारण ते नाव तिनं स्टेजवर कमावलं होतं. नंतरची सात-आठ वर्षं कर्ज फेडत हॉटेलांत आणि टीव्हीच्या फुटकळ कार्यक्रमांत गायली. 1984 ला परत वर आली तेव्हा 44 वर्षांची होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी आपल्याकडे बाईला काय म्हणतात ते मला इथं लिहायची गरज नाही.

माझ्या थोरल्या बहिणीनं घर सोडलं तेव्हा तिच्याजवळ बसभाड्यापुरते पैसे होते. म्हणून हे लिहिलं.

पऱ्हाटीचं_फूल (26 नोव्हेंबर, रात्री 8.40)

मोर्णाकाठ, तुमचं दोन्ही बरोबर आहे. ताईंना माझा नमस्कार सांगा.

गळ्याबद्दल थोडं मागे घेते, पूर्ण नाही. मेहनत तिचीच. पण मोकळ्या रानात हाक पोचवायची सवय लहानपणी लागली की आवाज आवळून ठेवायची लाज राहत नाही, एवढं मी स्वतःच्या अंगावरून सांगते. नागपूरच्या होस्टेलवर मला पोरी म्हणायच्या, हळू बोल. शेफील्डला तर मी कुजबुजायलाच लागले होते. त्या रात्री 69 वर्षांची बाई आवाज न आवळता उभी होती आणि तिला कुणी हळू म्हणत नव्हतं. त्या रात्री घरी जाऊन मी मायला फोन केला आणि कित्येक महिन्यांनी मोठ्यानं बोलले.

कापूस वेचण्याबद्दल : कुणाला आवडते ते काम? सुकलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसतात, संध्याकाळी भाकरीला मीठ लावलं तरी बोट झोंबते. कमरेला ओटी, दिवसभर वाकून चालायचं. सकाळच्या दवात वेचला तर ओला म्हणून भाव कापतात, दुपारी वेचला तर उन्हानं डोळे जातात. म्हणून तर ते जिन हाऊस तिच्या ओठांवर ऐकलं तेव्हा मी हलले. ती तिथून निघून गेली, पण गाव विसरली नाही.

निळी_पहाट (26 नोव्हेंबर, रात्री 9.30)

जयभीम ताई. आज संविधान दिनी हा धागा वाचायला मिळाला, फार बरं वाटलं.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. टीना टर्नर बौद्ध होत्या. बाप्तिस्त चर्चमध्ये वाढलेली मुलगी, पण सत्तरच्या दशकात, मारहाणीच्या त्या दिवसांत, कुणीतरी त्यांना 'नम म्योहो रेंगे क्यो' हा जप शिकवला. निचिरेन ह्या जपानी भिक्खूंच्या परंपरेतला, सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा. पुढे त्या सांगत की निघण्याचं बळ मला ह्या जपानं दिलं. शेवटपर्यंत तो सोडला नाही.

आपला मार्ग वेगळा, बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दिलेला, बावीस प्रतिज्ञांचा. जपावर आपला भर नाही. पण कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये गेलो की हा जपानी जप कानावर येतो, आणि मला दर वेळी त्यांची आठवण येते. माझी आजी छप्पनच्या त्या दिवशी दीक्षाभूमीवर होती. वर्धेकडून अर्धी वाट पायी, अर्धी बैलबंडीनं. लिहिता येत नव्हतं, पण वंदना म्हणताना तिचा आवाज असा लागायचा की अख्ख्या विहारात पहिला तोच ऐकू यायचा. तुम्ही विचारलं ना, पिकलेला आवाज समोर बसून कुणी ऐकलाय का. मी ऐकलाय. 81 व्या वर्षी, भिंतीला टेकून, डोळे मिटून, 'बुद्धं सरणं गच्छामि'.

खंजिरी (26 नोव्हेंबर, रात्री 10.10)

मी इंग्रजी गानं आयकनारा मानूस नाही. पोराले म्हनलं, लाव बरं हे गानं. त्यानं याच बाईचं 'प्राऊड मेरी' लावलं. पयले मले काईच नाही समजलं. ते बाई बोलूनच रायली, हळूहळू, जशी ओसरीवर बसून गोठ सांगते. अन् मंग एकदम लय बदलली अन् मी उठून बसलो.

हे तं भजन हाय! आमच्या मंडळात असंच करतो आमी. बुवा पयले एक ओळ सावकाश घेते, झीलकरी तेच मांगून म्हनते, दोनदा, चारदा. लोकं लयीत आले का खंजिरी वाढते, टाळ वाढते, अन् मंग कोनी बसून राहूच शकत नाही. तुकडोजी महाराजाईचं भजन मी लहानपनी मोझरीले मायच्या मांडीवर बसून आयकलं. महाराज 1968 ले गेले, म्हंजे मी सात-आठ वर्साचा असन. एवढं ध्यानात हाय का खंजिरी वाजली का मायची मांडी हालाले लागे. त्याईनं खंजिरी अशी वाजवली का गावचे गाव उठून सफाईले लागले.

पोरगा सांगते का हे 'सोल' मनतात ते गानं चर्चमधूनच आलं. तिकडेही एक म्हनते, बाकीचे झील देते. मंग बरोबरच हाय. देवाच्या दारातून आलं ते.

ध्वनीवाला (26 नोव्हेंबर, रात्री 10.25)

खंजिरीकाका, एकदम बरोबर पकडलं. त्या गाण्याची तिची पहिली रेकॉर्ड 1971 ची, आणि 2009 मध्येही ती तशीच करत होती : आधी संथ, मग सुसाट. 1971 च्या काळात मागे झील देणाऱ्या बायांना 'आयकेट्स' म्हणत.

झाडीचा_माणूस (27 नोव्हेंबर, सकाळी 7.15)

रात्री नाटकाला होतो, आत्ता घरी आलो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाकडे, धान निघालं की नाटकांचा हंगाम लागतो. रात्री दहाला सुरू, पहाटे पाच-साडेपाचला संपते. वडशाच्या मंडळ्या एका हंगामात गावोगाव फिरतात.

काल ज्या बाई गायल्या त्यांचं वय साठीच्या पुढं. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पहाटे चारला थंडीनं लोकांनी घोंगड्या पांघरल्या होत्या, निम्मे पेंगले होते. बाई एंट्रीला आल्या, ऑर्गनवाल्याकडे नुसतं बघितलं आणि वरचा षड्ज लावला. माझ्या पुढं बसलेल्या म्हाताऱ्यानं घोंगडी खाली टाकली. लोकांनी 'वन्स मोअर' दिला, त्यांनी तेच पद परत तितक्याच जोरानं म्हटलं, मग तिसऱ्यांदा. पडद्यामागे गेल्यावर मी बघितलं, त्या लोखंडी पेटीवर बसून पायातले घुंगरू सोडत होत्या आणि घोटे सुजलेले होते. मी पाणी नेऊन दिलं. म्हणाल्या, 'उद्या कोणतं गाव हाय बापू?'

ताई, तुम्ही उंच टाचांच्या बुटांचं लिहिलं, तेव्हा मला हेच घोटे आठवले. पडद्यामागे टीनाबाईंचेही सुजत असतील.

वर्धाकाठ (27 नोव्हेंबर, सकाळी 9.00)

शोधत बसलो होतो, तर हे सापडलं. ती ज्या एका खोलीच्या शाळेत शिकली ती शाळा उचलून जवळच्या ब्राउन्सव्हिल गावी नेली आहे आणि 2014 पासून तिथं तिचं संग्रहालय आहे. काळ्या मुलांसाठीची शाळा होती ती, तिच्याच घराण्यातल्या एका पूर्वजानं 1889 मध्ये उभी केलेली. लाकडी बाक, फळा तसाच ठेवलाय, आणि शेजारी तिचे स्टेजवरचे झगमगीत पोशाख. आणि गाण्यातला तो एकोणीस नंबरचा रस्ता, नटबुश ते ब्राउन्सव्हिल, त्याला 2002 मध्ये तिचंच नाव दिलं.

माझ्या गावची जिनिंग पाडून तिथं प्लॉट पाडलेत. भोंगा भंगारात गेला. आम्ही कुणीच काही ठेवलं नाही, ह्याचं आज फार वाईट वाटतंय.

मोर्णाकाठ (27 नोव्हेंबर, दुपारी 12.40)

वर्धाकाठ, भोंग्याचा आवाज तरी कुणाकडे रेकॉर्ड असेल का? विचारून बघा. हिंगणघाटला एखाद्या जुन्या ऑपरेटरच्या घरी फोटो नक्की निघतील. इथं टाका.

पऱ्हाटीचं फूल, काल रात्री बहिणीला धागा वाचून दाखवला. 36 सेंट म्हणजे किती रुपये, एवढंच विचारलं तिनं.

पऱ्हाटीचं_फूल (27 नोव्हेंबर, सायंकाळी 7.30)

झाडीचे दादा, त्या बाईंचा खेळ राळेगावकडे कधी लागला तर कळवा, मी मायला घेऊन येईन. निळी पहाट, आजीचं वाचून आज दिवसभर तोच आवाज कानात होता, न ऐकलेला. खंजिरीकाका, तुम्ही लिहिलेलं मी बायांना वाचून दाखवलं, त्यातल्या दोघी मोझरीला पुण्यतिथीला जातात, त्यांनी मान डोलावली.

आज संध्याकाळी कापूस काट्यावर मोजत होतो. मायनं एकटीनं अडतीस किलो वेचला, चौसष्टाव्या वर्षी. बाया आपापल्या ओट्या झटकत होत्या, तेव्हा मी फोनवर 'नटबुश' लावलं आणि फोन पालथ्या घमेल्यावर ठेवला, म्हणजे आवाज जरा मोठा येतो. कुणी काही बोललं नाही. गाणं अर्ध्यावर आल्यावर मायनं काट्यावरून मान वर केली.

'हे बाई कोनाले हाका मारून रायली वं?'

म्हटलं, तिच्या गावाले.

'लय दूर असन मंग,' माय म्हणाली, आणि पुढच्या बाईची ओटी काट्यावर घेतली. थोड्या वेळानं म्हणाली, अजून एकदा लाव.